प्रोलिनचं वळण: प्रथिनांचा आकार बदलणाऱ्या एन्झाइमांशी पायरीपायरीने ओळख

एन्झाइम म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच कामं येतात, तोडणं आणि जोडणं. अमायलेज स्टार्च तोडतं, लायगेज डीएनए जोडतं. पेशीत मात्र काही एन्झाइमं अशी आहेत की त्यांचं काम झाल्यावर रेणूतला एकही अणू कमी होत नाही आणि एकही वाढत नाही. अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो, वजनही तेच. बदलतो फक्त आकार. पेशीने विभागायचं की थांबायचं, आलेला संदेश पुढे द्यायचा की तिथेच दाबायचा, हे कित्येकदा तेवढ्या बदलावर ठरतं.

या गटातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे पेप्टिडिल-प्रोलिल आयसोमरेज. नाव लांबलचक आहे, काम छोटंसं. प्रोलिन या अमिनो आम्लाच्या अलीकडचा पेप्टाइड बंध ही एन्झाइमं फिरवतात. बास. हा लेख सोलापुरातल्या संगमेश्वर, वालचंद, दयानंद कॉलेजांत किंवा केगावच्या विद्यापीठात बी.एस्सी.च्या शेवटच्या किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या, आणि या विषयाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. फार्मसीवाल्यांनाही चालेल. साहित्य म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, थोडं सूत, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि इंटरनेट असलेला संगणक एवढं पुरे. प्रयोगशाळेची पायरी बरीच पुढे आहे, ती कॉलेजच्या सोयीने करा.

क्रम मात्र मोडू नका. आधी बंध, मग वेग, आणि नावं त्यानंतर. आपल्याकडे उलटं होतं. सायक्लोफिलिन, एफकेबीपी, पिन१ अशी नावं नोट्समध्ये पाठ होतात आणि नेट-गेटच्या प्रश्नात “उत्प्रेरकाने समतोलावर काय परिणाम होतो?” असं आलं की हात थांबतो. बंध नीट पाहिला असेल तर नावं आपोआप जागेवर बसतात.

पहिली पायरी: पुठ्ठा आणि सूत

पेप्टाइड बंधात एका बाजूला कार्बन आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन असतो. हा बंध साध्या एकेरी बंधासारखा मोकळा फिरत नाही, कारण त्यात थोडा दुहेरीपणा असतो. साध्या कार्बन-नायट्रोजन बंधाची लांबी साधारण १.४७ अँगस्ट्रॉम असते, पेप्टाइड बंधाची १.३३. त्यामुळे बंधाचे दोन अणू आणि त्यांना चिकटलेले चार अणू असे सहाही एकाच पातळीत राहतात. ही पातळी म्हणजे तुमचा पुठ्ठा.

पत्त्याएवढा आयत कापा आणि टेबलावर आडवा ठेवा. मधोमध डावीकडे कार्बन, उजवीकडे नायट्रोजन असं लिहा आणि दोघांना रेषेने जोडा. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर पहिल्या अमिनो आम्लाचा अल्फा कार्बन, वरच्या कोपऱ्यावर ऑक्सिजन. उजवीकडे वरच्या कोपऱ्यावर पुढच्या अमिनो आम्लाचा अल्फा कार्बन, खाली हायड्रोजन. आता चारही कोपऱ्यांना भोकं पाडा आणि दोन अल्फा कार्बनांच्या कोपऱ्यांत सुताचा एकेक तुकडा बांधा. सोलापुरात सुताला तोटा नाही. चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यातला उरलासुरला धागा आणा. दोन्ही धागे ताणून धरले की साखळी पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यातून शिरून समोरच्या तिरप्या कोपऱ्यातून बाहेर पडते आणि पुढे सरळ निघते. ही ट्रान्स मांडणी.

आता उजवीकडचा धागा सोडा आणि खालच्या कोपऱ्यात बांधा. दोन्ही धागे एकाच बाजूला आले. साखळी आली तशी मागे वळली. ही सिस मांडणी. पुठ्ठा तोच, धागा तोच, पण साखळीची दिशाच बदलली. प्रथिनात सहसा शेकडो अमिनो आम्लं असतात. मधल्या एका ठिकाणी हे वळण पडलं की पुढचा सगळा भाग भलतीकडे जाऊन पडतो.

बहुतेक अमिनो आम्लांना सिस परवडत नाही, कारण दोन्ही अल्फा कार्बन आणि त्यांच्या फांद्या एकमेकांवर आदळतात. ट्रान्समध्ये समोर फक्त छोटा हायड्रोजन असतो, म्हणून तीच मांडणी सोयीची. प्रोलिनचं तसं नाही. त्याची बाजूची साखळी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला येऊन मिळते, म्हणून नायट्रोजनवर हायड्रोजन उरतच नाही. त्या जागी कड्यातला कार्बन बसतो. म्हणजे ट्रान्समध्येही अडचण आणि सिसमध्येही अडचण. दोन्ही मांडण्या जवळपास सारख्याच अवघड असल्या की दोन्ही सापडतात. घडी पडलेल्या प्रथिनांच्या रचनांमध्ये प्रोलिनच्या अलीकडचे सुमारे ५ ते ६ टक्के बंध सिस असतात. बाकीच्या पेप्टाइड बंधांत हे प्रमाण एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

पुठ्ठ्यावर हायड्रोजन खोडून तिथे “कडं” असं लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला त्याची आठवण लागेल.

दुसरी पायरी: खऱ्या प्रथिनात ते वळण मोजा

प्रोटीन डेटा बँकेचं संकेतस्थळ सगळ्यांना मोफत आहे. मोबाइलवर उघडतं, पण मोजमापासाठी संगणकच बरा. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत सात, आर, एस, ए असा कोड टाका. ही गाईच्या स्वादुपिंडातल्या रायबोन्यूक्लिएज ए या एन्झाइमची रचना. त्यात १२४ अमिनो आम्लं आहेत. हेच ते प्रथिन, ज्यावरच्या कामासाठी ख्रिश्चन अँफिन्सेन यांना १९७२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उलगडलेली साखळी स्वतःहून पुन्हा नीट घडी घेते, हे त्यांनी दाखवलं होतं. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, कारण यात प्रोलिन चारच आहेत, ४२, ९३, ११४ आणि ११७ क्रमांकांवर. त्यातले दोन सिस आणि दोन ट्रान्स. शेजारी शेजारी तुलना करायला याहून सोयीचं प्रथिन मला माहीत नाही.

त्रिमितीय दृश्य उघडलं की वर अमिनो आम्लांची ओळ दिसते. तिथे ९२ आणि ९३ वर क्लिक करा, चित्र त्या जागी जवळ येईल. ९२ वर टायरोसिन, ९३ वर प्रोलिन. मग बाणाचं चिन्ह दाबून निवडीचा मोड चालू करा आणि निवडीची पातळी “रेसिड्यू”वरून “अॅटम”वर आणा. नवखे हमखास इथेच अडतात. पातळी बदलली नाही तर अख्खं अमिनो आम्ल निवडलं जातं आणि मोजमाप चुकीचं येतं. दोन्ही अमिनो आम्लांचे अल्फा कार्बन निवडा. अणूवर माउस नेला की कोपऱ्यात “सीए” असं नाव येतं. “मेजरमेंट्स”मध्ये जाऊन अंतर मागा.

साधारण तीन अँगस्ट्रॉम येईल. आता हेच ४१ आणि ४२ च्या जोडीला करा. इथे साधारण ३.८ येईल. पहिली जोडी सिस, दुसरी ट्रान्स. ११३-११४ आणि ११६-११७ या जोड्या तुमच्यासाठी सोडतो. आधी मोजा, मग कुठली सिस ते वहीत लिहा. आणखी खात्री हवी असेल तर चार अणू क्रमाने निवडा, पहिल्याचा अल्फा कार्बन, पहिल्याचा कार्बन, दुसऱ्याचा नायट्रोजन, दुसऱ्याचा अल्फा कार्बन, आणि डायहेड्रल कोन मागा. हा ओमेगा कोन. सिसला शून्याच्या जवळ, ट्रान्सला १८० च्या जवळ.

हे मोजमाप प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावं, असा माझा आग्रह आहे. पुस्तकातल्या आकृतीत सिस आणि ट्रान्स ही दोन चित्रं असतात. इथे एका खऱ्या रेणूत पाऊण अँगस्ट्रॉमचा फरक तुमच्या डोळ्यांसमोर येतो, आणि साखळी कुठे वळली ते बोट ठेवून दाखवता येतं.

तिसरी पायरी: कॅल्क्युलेटर घ्या

सिसमधून ट्रान्समध्ये जायचं तर बंध मधल्या अवघडलेल्या स्थितीतून फिरवावा लागतो. त्या चढणीची उंची साधारण २० किलोकॅलरी प्रति मोल आहे. एवढ्या उंचीला एन्झाइमशिवाय किती वेळ लागेल, हे आयरिंगच्या समीकरणातून काढता येतं. बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान, भागिले प्लांक स्थिरांक. २५ अंशांना ही संख्या ६.२ गुणिले दहाचा बारावा घात एवढी येते. तिला ई च्या उणे घाताने गुणायचं, आणि तो घात म्हणजे २० भागिले (०.००१९८७ गुणिले तापमान). येतो तो दर सेकंदाचा वेग. ०.६९३ ला त्याने भागलं की अर्धआयुष्य, म्हणजे निम्मे रेणू फिरायला लागणारा वेळ.

२५ अंश सेल्सियसला अर्धआयुष्य साधारण ५० सेकंद येतं. १० अंशांना पाच मिनिटांहून थोडं जास्त. आणि ४० अंशांना, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारी पंखा बंद असलेल्या प्रयोगशाळेत, जेमतेम १० सेकंद. हे आकडे वहीत ठेवा, सहाव्या पायरीत उपयोगी पडतील.

५० सेकंद म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पेशीच्या हिशेबात तो फार मोठा काळ आहे. पेशीतले कित्येक संदेश काही सेकंदांत येतात आणि विझतात. प्रथिनाची बाकीची घडी कित्येकदा क्षणार्धात पडते आणि चुकीच्या मांडणीतल्या एका प्रोलिनपाशी सगळं खोळंबून राहतं. १९७५ साली जॉन ब्रँट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सुचवलं. काही रेणू झटकन घडी घेतात आणि काही रेंगाळतात, या फरकामागे प्रोलिन असावं, असा त्यांचा तर्क होता. मग १९८४ मध्ये, तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात, गुंटर फिशर आणि सहकाऱ्यांना डुकराच्या मूत्रपिंडात हा बंध भराभर फिरवणारं एन्झाइम सापडलं. त्याच्या मदतीने सेकंदांचं काम मिलिसेकंदांवर येतं.

इथे एक खुलासा करून ठेवतो, कारण वर्गात दरवर्षी गोंधळ होतो. कुलूप-किल्लीची कल्पना १८९४ मध्ये मांडणारे एमिल फिशर वेगळे. फॉस्फेट लावून एन्झाइम चालू-बंद होतं हे दाखवून १९९२ चं नोबेल एडविन क्रेब्ज यांच्यासोबत मिळवणारे एडमंड फिशर वेगळे. आणि प्रोलिनवाले गुंटर फिशर तिसरे. तिघांचंही काम याच धड्याच्या आसपास येतं.

आता या पायरीतला खरा मुद्दा. उत्प्रेरक समतोल बदलत नाही. एन्झाइम नसताना शेवटी १० टक्के सिस आणि ९० टक्के ट्रान्स होणार असेल, तर एन्झाइम असतानाही तेच होणार. तिथे लवकर पोचता येतं, एवढंच. मग नुसता वेग वाढवून पेशीच्या कामावर नियंत्रण कसं ठेवता येतं? हा प्रश्न पाचव्या पायरीपर्यंत डोक्यात घोळू द्या. उत्तर लगेच वाचू नका, पुठ्ठा हातात घेऊन थोडा विचार करा.

चौथी पायरी: तीन कुळं आणि त्यांची औषधं

ही एन्झाइमं मुख्यतः तीन कुळांतली आहेत: सायक्लोफिलिन, एफकेबीपी आणि पार्व्ह्युलिन. काम एकच असलं तरी अमिनो आम्लांच्या क्रमात या कुळांचं एकमेकांशी साम्य नाही. निसर्गाने एकाच कामासाठी वेगवेगळी हत्यारं घडवली आहेत. माणसात पहिल्या दोन कुळांत प्रत्येकी दीड डझनाच्या आसपास प्रथिनं आहेत, पार्व्ह्युलिन मात्र मोजकीच.

पहिली दोन कुळं औषधांमुळे उजेडात आली. सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिडा पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचं शरीर नवा अवयव नाकारू नये म्हणून ते देतात. अमेरिकेत त्याला १९८३ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध पेशीत ज्या प्रथिनाला चिकटतं ते सायक्लोफिलिन. आणि १९८९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की सायक्लोफिलिन आणि फिशर यांचं प्रोलिन फिरवणारं एन्झाइम ही एकच गोष्ट आहे. टॅक्रोलिमस हे औषध जपानच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून मिळालं. ते चिकटतं एफकेबीपीला. त्याचंच मलम त्वचारोगतज्ज्ञ इसबावर देतात, तेव्हा सात रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये हे नाव तुम्हाला दिसेल. तिसरं रॅपामायसिन, ईस्टर बेटावरच्या मातीतलं. त्यावर मूळ काम करणाऱ्यांत बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल होते. कॅनडातल्या कंपनीने प्रकल्प गुंडाळल्यावरही त्यांनी त्या जिवाणूचा नमुना जपून ठेवला. ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायलाच हवी.

यावरून वाटेल की एन्झाइम बंद पडलं म्हणून प्रतिकारशक्ती दबली. तसं नाही, आणि परीक्षक हे आवडीने विचारतात. एन्झाइमला चिकटलेलं औषध आणि एन्झाइम यांची जोडगोळी मिळून तिसऱ्याच प्रथिनाला अडवते. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांच्या बाबतीत तो तिसरा म्हणजे कॅल्सिन्युरिन नावाचं फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारं एन्झाइम, हे १९९१ मध्ये कळलं. रॅपामायसिनच्या बाबतीत एमटॉर नावाचं प्रथिन. प्रोलिन फिरवणं थांबतं हे खरं, पण प्रतिकारशक्ती दबते ती त्यामुळे नाही.

पाचवी पायरी: पिन१, इथे मुक्काम करा

या लेखातलं एकच प्रथिन लक्षात ठेवायचं असेल तर पिन१ ठेवा. कुन पिंग लू, स्टीव्हन हेन्स आणि टोनी हंटर यांनी ते १९९६ मध्ये जगासमोर आणलं. माणसाच्या हेला पेशींत पिन१ कमी केलं तर पेशी विभाजनाच्या मध्येच अडकल्या. उलट पिन१ जास्त बनवलं तर त्या विभाजनाच्या आधीच्या जी२ टप्प्यात थांबल्या. कमी झालं तरी अडचण, जास्त झालं तरी अडचण. नियंत्रण ठेवणाऱ्या प्रथिनाची खूण ही अशी असते.

संगणकावर आता एक, पी, आय, एन हा कोड टाका. १६३ अमिनो आम्लांचं लहानसं प्रथिन दिसेल, आणि त्याचे दोन तुकडे वेगळे ओळखू येतील. पहिली सुमारे ३९ अमिनो आम्लं म्हणजे डब्ल्यूडब्ल्यू डोमेन, तीन पट्ट्यांची छोटी चादर. उरलेला मोठा भाग म्हणजे प्रोलिन फिरवणारं यंत्र. दोघांना जोडणारा दुवा इतका लवचीक आहे की त्याचा काही भाग चित्रात दिसतच नाही. डब्ल्यूडब्ल्यू पकडतं, मोठा भाग फिरवतो.

पिन१ कुठलाही प्रोलिन फिरवत नाही, आणि याच कारणासाठी त्याच्यावर वेळ घालवायचा. प्रोलिनच्या लगेच आधी सेरिन किंवा थ्रिओनिन हवं, आणि त्यावर फॉस्फेट लावलेलं हवं. मोठ्या भागात ६३ क्रमांकाचं लायसिन आणि ६८, ६९ क्रमांकांची आर्जिनिनं शोधा. तिन्हींवर धन भार आहे. ऋण भाराचं फॉस्फेट तिथे येऊन बसतं. जवळच ११३ क्रमांकाचं सिस्टेइन आहे, ते जिथे बंध फिरतो त्या खळग्यात. आधी सांगितलेल्या पद्धतीने या चौघांमधली अंतरं मोजून पाहा, म्हणजे फॉस्फेटची जागा आणि फिरण्याची जागा किती जवळ आहेत ते कळेल.

सेरिन-प्रोलिन आणि थ्रिओनिन-प्रोलिन या जोड्यांवर फॉस्फेट लावणारी कायनेजं पेशीत पुष्कळ आहेत. सीडीके, मॅप कायनेज, जीएसके-३, सगळी विभाजनाशी आणि संदेशांशी निगडित. फॉस्फेट लागलं की तिथला बंध आणखी हळू फिरतो, आणि सायक्लोफिलिन किंवा एफकेबीपी त्याला नीट हात लावू शकत नाहीत. ते काम पिन१ चं.

आता तिसऱ्या पायरीतला प्रश्न काढा. समतोल बदलत नसेल तर नियंत्रण कसं? उत्तर पुढच्या एन्झाइमपाशी आहे. फॉस्फेट काढून टाकणारं पीपी२ए हे फॉस्फेटेज फक्त ट्रान्स मांडणीतल्या जोडीवरचं फॉस्फेट काढतं, हे २००० साली दिसून आलं. समजा एका प्रथिनाचे शंभर रेणू आहेत आणि त्यातल्या काहींत ही जोडी सिस आहे. पीपी२ए ट्रान्सवाल्यांचं फॉस्फेट भराभर काढतं. सिसवाले मात्र स्वतःहून ट्रान्स होईपर्यंत अडून राहतात, त्यांचं फॉस्फेट मिनिटा-मिनिटांनी निघतं. पिन१ असेल तर सिसवाले लगेच ट्रान्समध्ये येतात आणि सगळ्यांचंच फॉस्फेट निघून जातं. समतोलाचा नियम कुठेही मोडला नाही. ट्रान्स सतत उपसला जात होता आणि पिन१ ने तो भरून काढण्याचा वेग वाढवला. संदेश किती वेळ जागता राहणार, ते या वेगावर ठरलं.

हे कागदावर मांडून पाहा. सिस, ट्रान्स आणि फॉस्फेट निघालेलं असे तीन गोल काढा आणि त्यांच्यामध्ये बाण. पहिल्या बाणावर आधी सावकाश वेग लिहा, मग शंभरपट वाढवा, आणि दोन्ही वेळा सिसवाले संपायला किती वेळ लागला ते तिसऱ्या पायरीतल्या आकड्यांवरून काढा. हे आकडे एकदा स्वतः मांडले की विषय हाती लागतो, असा माझा अनुभव आहे.

याच मार्गाने पिन१ मेंदूतल्या टाउ प्रथिनाशी जोडलेलं आहे. टाउवर २३१ क्रमांकाच्या थ्रिओनिनला फॉस्फेट लागतं आणि पुढे २३२ ला प्रोलिन आहे. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत जे गुंते सापडतात त्यांत फॉस्फेटने लदलेलं टाउ असतं. दुसऱ्या टोकाला, कित्येक कर्करोगांत पिन१ नेहमीपेक्षा जास्त आढळतं. म्हणून त्याला अडवणारे रेणू शोधण्याची धडपड सुरू आहे. अक्रोडाच्या झाडातलं जुग्लोन पिन१ ला निकामी करतं हे १९९८ पासून माहीत आहे, पण ते इतर प्रथिनांनाही सोडत नाही, त्यामुळे औषध म्हणून कामाचं नाही. अक्रोड खाल्ल्याने कर्करोग टळतो, असा संदेश व्हॉट्सअॅपवर आला तर पुढे पाठवू नका.

फॉस्फेटशिवायही असा स्विच चालतो. क्रक नावाच्या संदेशवाहक प्रथिनात २३७ च्या ग्लायसिन आणि २३८ च्या प्रोलिनमधला बंध सिस असला तर प्रथिन स्वतःला मिटून घेतं, ट्रान्स झाला की उघडतं. तिथे फिरवण्याचं काम सायक्लोफिलिन ए करतं.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत

पद्धत गुंटर फिशर यांचीच, १९८४ ची. त्यामागची कल्पना अत्यंत देखणी आहे. सक्सिनिल-अॅलानिन-अॅलानिन-प्रोलिन-फिनिलअॅलानिन-पॅरानायट्रोअॅनिलाइड हे छोटं पेप्टाइड घ्यायचं. कायमोट्रिप्सिन ते तोडतं आणि पिवळं पॅरानायट्रोअॅनिलिन मोकळं होतं. पण कायमोट्रिप्सिन तोडतं फक्त ट्रान्स. म्हणून ते भरपूर घातलं की ट्रान्स असलेलं सगळं पेप्टाइड क्षणात तुटतं आणि पिवळेपणा एकदम उडी घेतो. त्यानंतर पिवळेपणा हळूहळू चढतो, तो सिसचं ट्रान्स होत जाईल तसा. हा दुसरा चढ मोजायचा, ३९० नॅनोमीटरला.

पाण्यात हे पेप्टाइड साधारण १० टक्केच सिस असतं, त्यामुळे चढ फार लहान येतो. लिथियम क्लोराइड घातलेल्या कोरड्या ट्रायफ्लुरोएथॅनॉलमध्ये ते विरघळवलं तर सिसचं प्रमाण निम्म्याच्या पुढे जातं. हे द्रावक विषारी आहे. फ्यूम हूड, हातमोजे आणि चष्मा यांपैकी काही नसेल तर हा प्रयोग करू नका.

आता तापमान. ४० अंशांना एन्झाइमशिवायच बंध १० सेकंदांत फिरतो, हे तुम्ही स्वतः काढलं आहे. क्युव्हेट हलवून यंत्रात ठेवेपर्यंत निम्मा खेळ संपलेला असेल. म्हणून प्रयोग १० अंशांना किंवा त्याहून थंडीत करतात. थंड पाणी फिरवणारा क्युव्हेट होल्डर असेल तर उत्तम. नसेल तर बफर, क्युव्हेट सगळं बर्फात ठेवा, सकाळी लवकर प्रयोग करा आणि प्रत्येक मोजणीनंतर क्युव्हेटमधलं तापमान नोंदवा. पावसाळ्यात थंड क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं आणि आकडा उगाच चढतो. मऊ टिश्यूने काच पुसायची आणि मगच वाचन घ्यायचं. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असल्याने हा त्रास कमी होतो, पण बर्फ टिकत नाही.

बफरमध्येही एक खाच आहे. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने बदलतो. ३५ अंशांच्या खोलीत ७.८ वर बसवलेलं ट्रिस १० अंशांना ८.५ च्या आसपास जाईल. हेपीस निम्मंच सरकतं, तेच घ्या, आणि पीएच थंड असतानाच बसवा.

तीन मोजण्या हव्यात: एन्झाइमशिवाय, एन्झाइमसह, आणि उकळून मारलेल्या एन्झाइमसह. शेवटच्या वाचनातून प्रत्येक वेळचं वाचन वजा करा, त्याचा लॉग घ्या आणि वेळेसमोर मांडा. रेषा सरळ आली पाहिजे. तिच्या उतारातून एन्झाइमशिवायच्या रेषेचा उतार वजा केला की एन्झाइमचा वाटा हाती येतो. शुद्ध एन्झाइम विकत घेणं महाग पडतं. ई. कोलायच्या पेशी फोडून मिळालेला अर्क पहिल्या प्रयत्नाला चालतो, कारण त्यात या एन्झाइमांचे बरेच प्रकार आहेत. मात्र अर्कावर सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसला नाही तर गोंधळू नका. ई. कोलायची सायक्लोफिलिनं या औषधाला फारशी दाद देत नाहीत. आणि पिन१ वर काम करायचं असेल तर हे पेप्टाइड निरुपयोगी आहे. प्रोलिनच्या आधी ग्लुटामिक आम्ल असलेलं घ्या. त्याचा ऋण भार फॉस्फेटची थोडीफार जागा भरून काढतो.

सातवी पायरी: आपल्या मातीतला प्रकल्प

एम.एस्सी.च्या लघुप्रबंधासाठी विषय शोधत असाल तर डाळिंबाकडे पाहा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या बागांना तेल्या रोगाने किती छळलं आहे हे तुमच्यातल्या अनेकांना घरूनच माहीत असेल. तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो. एफकेबीपी कुळातलं मिप नावाचं प्रथिन लेजिओनेला या न्यूमोनियाच्या जिवाणूला यजमानाच्या पेशीत शिरायला मदत करतं. कोबीवर रोग पाडणाऱ्या झँथोमोनासमध्येही मिपसारखं प्रथिन रोगासाठी गरजेचं असल्याचं दिसलं आहे. मग तेल्याच्या जिवाणूत ते आहे का?

याला प्रयोगशाळा लागत नाही. युनिप्रॉट या प्रथिनांच्या क्रमांच्या संग्रहावरून लेजिओनेलाच्या मिपचा क्रम घ्या, एनसीबीआयच्या ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या साधनात टाका, आणि शोध डाळिंबावरच्या झँथोमोनासच्या प्रकारापुरता मर्यादित करा. एकाहून जास्त जुळण्या येतील, कारण जिवाणूंत एफकेबीपी कुळातली इतरही प्रथिनं असतात. प्रत्येक जुळणी माणसाच्या एफकेबीपी१२ शी ओळीने लावून पाहा. त्यातली टायरोसिन २६, फिनिलअॅलानिन ३६, अॅस्पार्टिक आम्ल ३७, ट्रिप्टोफॅन ५९, टायरोसिन ८२ आणि फिनिलअॅलानिन ९९ ही खळग्यातली अमिनो आम्लं जुळतात का ते तपासा. साखळीच्या सुरुवातीला पेशीबाहेर जाण्याची खूण, म्हणजे सिग्नल पेप्टाइड, आहे का तेही बघा. मिप पेशीच्या बाहेरच्या बाजूला काम करतं. आत राहणारं प्रथिन रोग पाडायला थेट उपयोगी असण्याची शक्यता कमी.

क्रमावरून एवढंच कळेल. ते एन्झाइम डाळिंबाच्या पानात नेमका कुठल्या प्रथिनाचा प्रोलिन फिरवतं, हे संगणक सांगणार नाही. त्यासाठी वनस्पतिरोगतज्ज्ञ हवेत, आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहेच. तुमच्या गाइडच्या सहीचं पत्र, जुळण्यांचा तक्ता आणि खळग्यातल्या सहा अमिनो आम्लांचं कोष्टक एवढं घेऊन तिथे जा. कोष्टकात रिकाम्या जागा असल्या तर तशाच ठेवा, चर्चेला तिथूनच सुरुवात करता येईल.